‘प्राण सोडला’ म्हणजे काय?



आपल्या धर्मग्रामात कुणाचे निधन झाले की पहिला फोन चर्चच्या ऑफिसात येतो. ‘‘फादर, आमचे बाबा एक्सपायर झाले.’’ पुढे महिन्याच्या मिस्सेचे कार्ड छापायला जाते, त्यावरही बऱ्याचदा तोच शब्द असतो. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर तोच, मोबाईलच्या रिचार्जच्या मेसेजमध्ये तोच, ड्रायव्हिंग लायसन्सबद्दल बोलतानाही तोच. मुदत संपली, आता उपयोग नाही, टाकून द्या! ऐंशी वर्षे जगलेल्या, वाडीत राबलेल्या, मुलानातवंडांना अंगाखांद्यावर खेळवलेल्या माणसालाही आपण हाच शब्द लावतो.

आम्ही काही भाषेचे पोलीस नाही. दुःखाच्या घटकेला ‘मेले’ म्हणवत नाही, ‘वारले’ म्हणतानाही गळा दाटून येतो. अशा वेळी परक्या भाषेतला शब्द जिभेला कमी बोचतो. आमच्याही तोंडी तो आहेच. पण मुळात हा शब्द मुदत संपण्याचा नव्हे. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ ‘श्वास बाहेर सोडणे’ असा आहे. संत जेरोम यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस शुभवर्तमानांचे लॅटिन भाषांतर तपासून सुधारले. त्यात संत मार्क आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानांत, प्रभू येशूच्या मृत्यूच्या क्षणी, नेमका हाच शब्द आहे. भाडेकरार, औषधे आणि लायसन्स त्याला पुढे चिकटली.

हे सगळे आम्हांला आधी ठाऊक नव्हते. शब्दांची उठाठेव करण्याची आमची हौसही नाही. एका माणसाच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, म्हणून आम्ही यात शिरलो.

आम्ही म्हणजे रविवारच्या मिस्सेनंतर आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन जाणारा सहा-सात जणांचा गट. गेल्या पावसाळ्यात आमच्या यादीतले एक बाबा, वय वर्षे ७८, मेंदूत रक्तस्राव होऊन हॉस्पिटलात दाखल झाले. अकरा दिवस ते व्हेंटिलेटरवर होते. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी घरच्यांना बसवून सांगितले की यंत्र श्वास देते आहे, पण मेंदू सावरण्याची आशा आता उरलेली नाही. पुढे काय करायचे याचा विचार करा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा थोरला मुलगा बाहेर बाकावर बसला होता. डोळे कोरडे. आमच्याकडे न बघताच त्याने विचारले, ‘‘अंकल, आम्ही बाबांचा जीव घेतोय का?’’

आमच्यापैकी एकाने ‘देवाची इच्छा’ असे काहीतरी पुटपुटले. ते त्याला पटले नाही आणि आम्हांलाही पटले नाही. देवाची इच्छा खरीच, पण सही त्याला करायची होती! रिक्षाने परतताना कुणी कुणाशी बोलले नाही. संध्याकाळी आम्ही फादरांकडे गेलो. त्यांनी उपदेश केला नाही. चारही शुभवर्तमानांतला तो एक क्षण शेजारी शेजारी ठेवून वाचा, मग बोलू, एवढेच म्हणाले.

वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की चौघांपैकी एकाही लेखकाने त्या क्षणासाठी ‘मेला’ हे साधे क्रियापद वापरलेले नाही. मार्क आणि लूक म्हणतात, त्याने श्वास बाहेर सोडला. ग्रीक शब्द ‘एक्सेप्न्यूसेन’. हे क्रियापद संपूर्ण नव्या करारात फक्त तीन वेळा येते. दोनदा मार्कमध्ये (१५:३७ आणि ३९), एकदा लूकमध्ये (२३:४६), आणि तिन्ही वेळा ते त्या एकाच मृत्यूबद्दल आहे. मत्तय वेगळे क्रियापद घेतो. त्याचा अर्थ सोडून देणे, मोकळे करणे. सरोवराकाठी पेत्र आणि अंद्रेया यांनी आपली जाळी सोडली तिथे त्याने तेच क्रियापद वापरले आहे, आणि प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत अपराधांची क्षमा मागताना पुन्हा तेच. मुठीत धरलेले सोडणे, मग ते जाळे असो, दुसऱ्याचे ऋण असो, की स्वतःचा श्वास!

योहानाचा शब्द सर्वांत विलक्षण. येशूने मस्तक लववून आत्मा ‘सोपवला’, असे तो लिहितो. हेच क्रियापद त्याने आधी यहुदासाठी वापरले आहे, कारण यहुदाने येशूला शत्रूंच्या हाती सोपवले. पुढे पिलातासाठीही तेच, त्याने येशूला क्रुसावर खिळण्यासाठी सोपवले. ज्याला सगळ्यांनी इकडून तिकडे सोपवले, तो अखेर स्वतः सोपवतो. मारणाऱ्यांनी त्याला मारलेच, त्यात शंका नाही. शुभवर्तमाने ते लपवत नाहीत. पण ज्या क्षणी त्यांनी जीव घेतला त्याच क्षणी त्याने तो सोडला, आणि लेखकांनी वाक्याचा कर्ता म्हणून मारणाऱ्यांना नव्हे, त्यालाच निवडले. क्रुसाशी उभा असलेला रोमी शताधिपतीही, मार्कच्या म्हणण्याप्रमाणे, येशूने कसा प्राण सोडला हे पाहून त्याला देवपुत्र म्हणतो. आयुष्यात त्याने किती मरणे पाहिली असतील!

झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तांत वाचताना त्या वाक्यापाशी आपण सारे गुडघे टेकतो आणि थोडा वेळ गप्प राहतो. इतकी वर्षे आम्ही ती विश्रांती समजत होतो. खरे सांगायचे तर लांबलचक वाचनात पाय मोकळे करायची संधी.

मग आम्ही आपल्या मराठीकडे पाहिले. ‘त्याचा प्राण गेला’ असेही आपण म्हणतो आणि ‘त्याने प्राण सोडला’ असेही म्हणतो. पहिल्या वाक्यात माणूस नुसता पडून आहे, त्याच्यातून काहीतरी निघून जाते आहे. दुसऱ्यात ‘त्याने’ आहे. तो ‘ने’ लहानसा, पण मरणाऱ्याला कर्ता करून जातो. पुढे पाहा. जीव घेणे म्हणजे खून. जीव देणे म्हणजे विहीर नाहीतर दोर. (देशासाठी प्राण देणारे वेगळे, तिथे ‘प्राण’ आणि ‘साठी’ हे दोन शब्द सगळा अर्थ बदलून टाकतात.) आणि जीव सोडणे म्हणजे यांतले काहीच नव्हे. शिकल्या-सवरल्या, अडाणी, कुणाही मराठी माणसाचा या तिघांत घोटाळा होत नाही. त्या बाकावरच्या मुलाचे क्रियापद चुकले होते. प्रश्न ‘घेतोय का’ हा नव्हता. बाबांना सोडू देतो आहोत का, की सोडू देत नाही, हा होता.

पण थांबा. शब्द बदलल्याने पाप पुण्य होत नसते. ज्यांना म्हातारा नकोसा झाला आहे तेही म्हणतील, आम्ही तर फक्त सोडू दिले! म्हणून शब्दामागे खरोखर काही आहे का ते तपासले पाहिजे. इथे एक घडलेली गोष्ट आम्हांला फार उपयोगी पडली. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात कॅरेन अ‍ॅन क्विन्लन नावाची २१ वर्षांची मुलगी एप्रिल १९७५ मध्ये बेशुद्ध पडली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. ती व्हेंटिलेटरवर होती. आईवडील श्रद्धावंत कॅथलिक. त्यांनी आपल्या धर्मगुरूंशी विचारविनिमय केला आणि यंत्र काढण्याची परवानगी मागितली. प्रकरण न्यायालयात गेले, बिशपांनीही कुटुंबाला पाठिंबा दिला. ३१ मार्च १९७६ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली. यंत्र काढले, आणि कॅरेन स्वतःहून श्वास घेऊ लागली! ती पुढे नऊ वर्षे जगली. ११ जून १९८५ रोजी तिने प्राण सोडला. त्या नऊ वर्षांत आईवडिलांनी नळीवाटे दिले जाणारे तिचे अन्न बंद करायला लावले नाही.

तपासणी हीच. यंत्र काढल्यावर माणूस श्वास घेत राहिला तर आपल्याला काय वाटेल? ‘अरे, अजून आहेत!’ असे वाटून आपण पांघरूण सारखे करू, ओठ ओले करू, की घड्याळाकडे बघू? पहिले वाटत असेल तर आपण खरोखर सोडू देत होतो. दुसरे वाटत असेल तर क्रियापद ‘घेणे’ आहे, कागदावर काहीही लिहिलेले असो.

ख्रिस्तसभेची शिकवण या बाबतीत बऱ्याच जणांना वाटते त्याहून मोकळी आहे. पोप पायस बारावे यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञ डॉक्टरांपुढे बोलताना सांगितले होते की जीव राखण्यासाठी साधे, नेहमीचे उपाय करण्यास आपण बांधलेले आहोत, असामान्य उपाय करण्यास नाही. आणि आशा संपलेल्या रुग्णाचे कृत्रिम श्वसन थांबवणे योग्य ठरू शकते. १९८० साली व्हॅटिकनने सुखमृत्यूविषयी जाहीरनामा काढला. त्यात एक वाक्य असे आहे की ते चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवावे असे आम्हांला वाटते. त्याचा आशय असा, की फळाच्या मानाने फार भारी ठरणारे उपचार नाकारणे ही आत्महत्या नव्हे, आणि त्यामागे कुटुंबावर खर्चाचा अतोनात बोजा पडू नये ही इच्छा असली तरी ती रास्त आहे. आपल्याकडे किती घरे या एका गोष्टीपायी मनातल्या मनात कुढत असतात! वाडी गहाण पडली तरी चालेल पण ‘पैशासाठी बापाला मारले’ हे ऐकायला नको, म्हणून चार-चार आठवडे आयसीयूचे बिल वाढत जाते. बिलाचा विचार मनात आला म्हणून कुणी पापी ठरत नाही. बऱ्या होऊ शकणाऱ्या माणसाचा उपचार बिलासाठी तोडणे ही वेगळी गोष्ट. न्यूमोनियाने व्हेंटिलेटरवर गेलेली आणि पुढे घरी परतून मिस्सेला येणारी माणसे आपल्या बाकांवर बसलेली आहेत. व्हेंटिलेटर म्हणजे शेवट, असा समज कुणी करून घेऊ नये.

अन्न-पाण्याचा प्रश्न त्याहून निराळा. मुंबईतील केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ सालच्या हल्ल्यानंतर चार दशकांहून अधिक काळ त्याच रुग्णालयात होत्या. त्या स्वतःच्या बळावर श्वास घेत होत्या, काढण्यासारखे यंत्रच नव्हते. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी न्यायालयात आली तेव्हा त्यांची शुश्रूषा करणाऱ्या कर्मचाऱ्यांनी तिला विरोध केला, आणि ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारली. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. त्या परिचारिका काही तत्त्वज्ञ नव्हत्या. समोर श्वास चालू आहे, तोंडात घास जातो आहे, मग तो हिसकावायचा कसा, एवढेच त्यांना कळत होते.

आता थोडे शरीराबद्दल. आमच्या गटातल्या एक ताई निवृत्त नर्स आहेत. त्यांनी जे सांगितले त्याने आमचे सगळ्यांचे डोळे उघडले. श्वास आत घेणे हे काम आहे. छाती आणि पोट यांच्यामधले स्नायूंचे पटल आवळावे लागते, तेव्हा हवा आत शिरते. सोडताना मात्र, शांत पडलेल्या माणसाला, काहीच करावे लागत नाही. पटल सैल होते, फुप्फुसे आपली आपण आक्रसतात, हवा बाहेर पडते. व्हेंटिलेटरसुद्धा हवा फक्त आत ढकलतो. बाहेर ती रुग्णाच्या छातीतूनच येते. म्हणजे यंत्र लावलेल्या त्या अकरा दिवसांत बाबा एकच गोष्ट स्वतः करत होते. श्वास सोडत होते.

वर्तमानपत्रांत छापून येते, अमक्या नेत्याने अखेरचा श्वास ‘घेतला’. घेतला कसा? मूल जन्मले की आधी श्वास आत ओढते, मग त्याच हवेवर पहिले रडते. आणि शेवटचा श्वास नेहमी बाहेर जाणारा असतो. घेणे आणि सोडणे यांत दिवसाला वीस हजारांच्या आसपास फेऱ्या होतात आणि त्यांतल्या प्रत्येक वेळी आपण घेतलेले परत करतो. धरून ठेवता येत नाही. मिनिटभर नाक दाबून पाहा.

ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. आपण आत घेतो त्या हवेत सुमारे २१ टक्के प्राणवायू असतो, आणि बाहेर सोडतो त्या हवेत अजूनही सुमारे १६ टक्के शिल्लक राहतो. म्हणूनच बुडालेल्या माणसाच्या तोंडाला तोंड लावून श्वास दिला तर तो वाचू शकतो. आपला सोडलेला, वापरलेला श्वास दुसऱ्याला पुरतो! अलीशा संदेष्ट्याने शुनेमच्या बाईच्या मुलावर ओणवे होऊन त्याच्या तोंडाला तोंड लावले, ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत होतो, पण कधी अशी ऐकली नव्हती. आणि पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी, दारे बंद करून बसलेल्या शिष्यांवर प्रभूने फुंकर घातली. योहानाने तिथे वापरलेले क्रियापद नव्या करारात पुन्हा कुठेही येत नाही. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात मात्र देव मातीच्या आदामाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो तिथे तेच आहे. शुक्रवारी सोडलेला श्वास रविवारी वाटला गेला. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, बाप्तिस्म्याच्या जुन्या विधीत धर्मगुरू बाळाच्या चेहऱ्यावर तीनदा हळूच फुंकर घालत. तिचा हेतू वेगळा होता, दुष्टात्म्याला घालवण्याचा. १९६९ च्या नव्या विधीत ती राहिली नाही. आम्हांला तिची थोडी चुटपुट वाटते.

जाता जाता एक. ‘विश्वास’ या शब्दातही श्वासच आहे. संस्कृतात त्याच्या मुळाशी निर्धास्तपणे, मोकळा श्वास घेणे असा अर्थ आहे. ‘आश्वासन’ म्हणजे दम लागलेल्याला पुन्हा श्वास येणे, धीर येणे. पुढाऱ्यांनी तो शब्द झिजवून टाकला, त्याला इलाज नाही. पण त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर त्या मुलाला हवे होते ते हेच, आणि आमच्याकडे ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. शब्दांचे हे सगळे त्याला सांगितले नाही, ती वेळ नव्हती. एवढेच म्हणालो, ‘‘तू घेत नाहीस रे. बाबा सोडतील, तुम्ही त्यांच्याजवळ बसा.’’ तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘आणि ते स्वतःहून श्वास घ्यायला लागले तर?’’ आमच्यातली एक मावशी चटकन म्हणाली, ‘‘मग घरी आणू. पेज करू.’’ त्याला हसू आले, आणि मग रडू आले. अकरा दिवसांत पहिल्यांदा.

डॉक्टरांचे कागदोपत्री सोपस्कार पुरे व्हायला आणखी दोन दिवस गेले. रुग्णाभ्यंग आधीच झाले होते. नळी काढली तेव्हा घरचे सगळे पलंगाभोवती होते. बाबांनी स्वतःहून पाऊण तास श्वास घेतला. सून जपमाळ म्हणत होती. तिसऱ्या रहस्याच्या मध्यावर श्वास बाहेर आला आणि आम्ही सगळे पुढच्याची वाट पाहत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही. नर्सने येऊन मनगट हातात घेईपर्यंत कुणाला प्रार्थना पुढे न्यायचे सुचले नाही. चर्चमध्ये त्या वाक्यापाशी गुडघे टेकतो ना, तितकी शांतता.

ऑफिसात फोन त्या थोरल्यानेच केला. ‘‘फादर, बाबा एक्सपायर झाले,’’ असेच म्हणाला. आम्हांला त्यात काही खटकले नाही.

जाणकारांनी आम्हांला सांगितले ते आपल्यासाठी इथे देतो. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रसंगासाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याची मुभा दिली आहे. २४ जानेवारी २०२३ रोजी पद्धत सोपी झाली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यावा. पूर्वीसारखे मॅजिस्ट्रेटकडे जावे लागत नाही. यंत्र काढण्यापूर्वी हॉस्पिटलात तीन-तीन डॉक्टरांची दोन मंडळे रुग्णाची स्थिती तपासतात. कागदात काय लिहावे आणि काय लिहू नये, याबाबत फादरांशी जरूर बोलावे. अन्न-पाण्याविषयीचा मजकूर विशेष जपून लिहावा.

आमच्या गटातल्या सर्वांत ज्येष्ठ सभासदांनी, वय ८१, हा विषय घरी जेवताना काढला. मुलगा म्हणाला, ‘‘पप्पा, आधी जेवा.’’ सून उठून आत गेली. त्यांनी जेवण संपवले, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी नोटरीकडे जाऊन आले. पाकीट कपाटात रेशनकार्डाच्या खाली आहे. घरात अजून कुणी ते उघडलेले नाही, पण ते कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे.